बॉर्डर्स की बार्न्स अँड नोबल : ॲमेझॉनपुढे कोण टिकलं आणि का

ॲमेझॉननं 1995 मध्ये वेबसाइटवर पुस्तकं विकायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकेत पुस्तकांच्या दुकानांच्या दोन बड्या चेन्स होत्या, आणि दोघींनी अगदी उलटे रस्ते धरले.

बॉर्डर्सचं बघा. 1971 मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला दोन भावांनी काढलेलं दुकान, पुढे देशभर पसरलं. आणि 2001 मध्ये यांनी काय केलं तर ऑनलाइन विक्रीच ॲमेझॉनला देऊन टाकली! म्हणजे नाव बॉर्डर्सचं, पण ऑर्डर घेणार ॲमेझॉन, पार्सल पाठवणार ॲमेझॉन, यांना फक्त कमिशन. आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं शेजारच्या दुकानात नेऊन बसवल्यासारखं झालं हे. 2008 मध्ये स्वतःची साइट परत काढली पण तोवर उशीर झालेला, 2011 मध्ये सगळी दुकानं बंद.

बार्न्स अँड नोबलनं 1997 पासून स्वतःची साइट चालवली, 2009 मध्ये ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राला टक्कर द्यायला नूक हे तसंच स्वतःचं यंत्र काढलं. नूकमध्ये पैसे बुडाले ते बुडालेच, आणि 2019 मध्ये कंपनी विकली गेली. पण नवीन सीईओ जेम्स डाँट यांनी मला आवडलेली गोष्ट केली, प्रकाशकांकडून पैसे घेऊन समोरच्या टेबलावर पुस्तकं मांडायची पद्धत मोडीत काढली, काय ठेवायचं ते त्या त्या दुकानातल्या लोकांनी ठरवायचं. आता ते नवी दुकानं उघडतायत.

किमतीत मात्र दोघांनाही ॲमेझॉनला कधीच हरवता आलं नाही.