सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या: सहा-सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर घडवून घेतलेल्या कुड्या. 18 कॅरेट पिवळं सोनं, एका कानात सात असे एकूण 14 नैसर्गिक गोल हिरे, प्रत्येक पाच सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग), म्हणजे साधारण 2.4 मिमी व्यासाचा. मागून खुलं कोंदण, फिरकीचा दांडा. स्वयंपाक, ऑफिस, लग्नकार्य, सगळीकडे याच कानात.

चमक पहिल्या दिवशी होती तशीच आहे, पण दर आठवड्याला धुतल्या तरच. हिऱ्यावर पाणी टिकत नाही, तेल मात्र चिकटून बसतं. खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेली टेबलं वापरत, ती याच गुणामुळे. कुडीला तर केसातलं खोबरेल, फोडणीची वाफ आणि कानाचा घाम रोजच लागतो. वरचा भाग पदराने पुसला जातो, मागचा तसाच राहतो आणि खरं नुकसान तिथेच होतं. हिऱ्यात शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर आपटून वर परततो, कारण हवेशी त्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा आलेला प्रकाश बाहेर न पडता आतच परततो तो कोन, जेमतेम 24.4 अंश असतो. पैलूवर तेलाचा थर बसला की तो कोन 37 अंशांच्या आसपास जातो आणि बराच प्रकाश मागून निसटतो. खडा काचेसारखा मेलेला दिसतो. हळदीच्या कार्यक्रमानंतर पिवळी झाकही येते. ती त्या थराची असते, हिऱ्याला रंग लागत नाही.

धुण्याची पद्धत: वाटीभर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवणं. मग लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने मागच्या बाजूने, प्रत्येक खड्याच्या भोकात. बेसिनवर धरायचं नाही. चहाच्या गाळणीत ठेवून पाणी ओतायचं. टूथपेस्टने सोन्यावर चरे पडतात आणि ब्लीचमधलं क्लोरीन सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंना खातं. आजीच्या वेळच्या, मागून बंद आणि आत चकाकी (खड्यामागचा चमकदार पातळ पत्रा) लावलेल्या कुड्या मात्र भिजवू नयेत. पाणी आत गेलं की चकाकी काळी पडते.

आता खरेदीच्या वेळी काय पाहायचं. कुडीचं सौंदर्य सारखेपणात आहे. एका वर्तुळाभोवती त्याच आकाराची सहा वर्तुळं अचूक बसतात, म्हणून सात खड्यांचं फूल इतकं घट्ट आणि भरलेलं दिसतं. एक खडा 0.1 मिमीने जरी लहान असला तरी तिथे सोन्याची फट दिसते. नंतर कट. पूर्ण कटच्या हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात, सिंगल कटला 17 किंवा 18. दहापट भिंगाखाली हा फरक कुणालाही कळतो. पाच सेंटच्या खड्यात सिंगल कट घेऊ नये, त्याची बारीक लुकलुक कमी पडते. रंग-शुद्धतेच्या अक्षरांवर मात्र फार पैसे घालू नयेत. रंगाची श्रेणी डी या सर्वांत रंगहीन अक्षरापासून सुरू होते, पण पिवळ्या सोन्याच्या कोंदणात ई-एफ रंगाचा हिरा आणि जी-एच रंगाचा हिरा घातल्यावर वेगळे ओळखू येत नाहीत. एवढ्या लहान खड्यातला व्हीएसचा (शुद्धतेची एक श्रेणी, अगदी बारीक दोष) दोषही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाचलेले पैसे चांगल्या कटवर लावावेत.

बिलावर एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगवेगळं हवं. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, तेव्हा 14 खड्यांचे 0.70 कॅरेट म्हणजे 0.14 ग्रॅम. एकूण वजनातून निव्वळ सोनं वजा केल्यावर हाच आकडा यायला हवा. कमी आला तर हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात लावलं आहे. 750 चा (म्हणजे 18 कॅरेटचा) हॉलमार्क पाहावा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासून घ्यावा. खडे नैसर्गिक की प्रयोगशाळेतले, हे प्रमाणपत्रावर लिहून मागावं. दुकानातला उष्णतेवर चालणारा पेन टेस्टर दोघांनाही हिराच म्हणतो.

दोन तक्रारी आहेत. पहिली, गाडीवर बांधायच्या स्कार्फचा धागा प्रॉन्गमध्ये (खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखीत) अडकतो आणि ओढला की प्रॉन्ग उचलला जातो. कापसाचा बोळा कुडीवरून फिरवावा, जिथे तंतू अडकेल तिथे ढिलाई आहे. कानाशी धरून हलवल्यावर बारीक टकटक ऐकू आली तर तो खडा सुटायच्या बेतात आहे, त्या दिवसापासून कुडी घालू नये. दुरुस्तीत नुसतं दाबून भागत असेल तर ठीक. ज्योतीने झाळायचं (सोनं वितळवून सांधायचं) असेल तर खड्यावर बोरिक ॲसिडचा लेप दिलाच पाहिजे, नाहीतर थेट ज्योतीने हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधी होतो.

दुसरी, फिरकी. आट्यांमध्ये मळ बसून ती जड फिरते, लोक जोर लावतात, आटे झिजतात आणि मग ती आपोआप सुटते. धुताना दांड्यावरही ब्रश मारायचा. झिजलेली फिरकी बदलून मिळते, पण आटे जुळवण्यासाठी ती त्याच कारागिराकडून करून घ्यावी आणि जोडीला एक जास्तीची मागून ठेवावी.