नांदेड–हैदराबाद ट्रूजेट : आठ महिन्यांच्या वाऱ्या

आधीच सांगतो, ही विमानं आता उडत नाहीत. तिकीट काढावं की नाही हे ठरवायला हा अनुभव कामाचा नाही. पण २०१८ च्या पावसाळ्यापासून पुढच्या होळीपर्यंत दर महिन्याला आईला तपासणीसाठी हैदराबादला न्यायचं होतं, आणि त्यातल्या बहुतेक वाऱ्या आम्ही ट्रूजेटने केल्या. तेवढं लिहून ठेवावंसं वाटलं.

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणूस मुंबईकडे नाही, हैदराबादकडे बघतो. म्हणजे देवगिरी नाहीतर अजिंठा एक्सप्रेस, निजामाबादवरून. आईचे गुडघे गेलेले. डब्यात चढणं हीच खरी परीक्षा, उपचार त्यानंतर.

आमचं विमान म्हणजे एटीआर ७२. पंख्याचं, दोन-दोनच्या बैठकीचं. सामान पुढून चढतं आणि माणसं मागून. त्या मागच्या दाराचीच पायऱ्यांची शिडी होते, जेमतेम पाच-सहा पायऱ्यांची. आई कठड्याला धरून एकटी चढली, वर जाऊन मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "एवढंच?" पंख वरच्या बाजूला असल्याने खाली सगळं मोकळं दिसतं. मध्येच एक भलंमोठं पाणी लागायचं. मी ते निजामसागर म्हणून सांगून टाकलं, आईने कधी हरकत घेतली नाही. पुढच्या रांगांत पंख्यांची घरघर कानात बसते, म्हणून आम्ही मागेच बसायचो. पावसाळ्यात ढगात शिरलं की चांगलंच हलायचं. आई तेव्हा जप करायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचो.

वेळेचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. हवेत जेमतेम तास. पण शमशाबादच्या विमानतळावरून शहरात पोचायला पुष्पक बसने पुन्हा तेवढाच, कधी जास्तच. धरून-सोडून चार तास. रेल्वेपेक्षा वाचतात ते तास थोडेच, वाचतात ते गुडघे.

भाड्याचं गणित 'उडान'मुळे, म्हणजे छोटी शहरं स्वस्तात विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेमुळे जमलं. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली उड्डाणं झाली, त्यात शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादबरोबर आमचंही होतं. तासाभराच्या प्रवासाला तेव्हा अडीच हजारांची मर्यादा होती, पण ती साधारण निम्म्या जागांना, बाकीच्या बाजारभावाने. त्यामुळे डॉक्टरांनी तारीख दिली की दवाखान्याच्या जिन्यावरच मी मोबाईल काढायचो. एकदा एका एजंटाकडून तिकीट काढलं, तर आधारवरच्या नावातलं 'बाई' तिकिटावर गायब. ते दुरुस्त करण्यात अर्धा दिवस गेला. पुन्हा एजंटाच्या वाटेला गेलो नाही.

कंपनी तशी हैदराबादचीच. टर्बो मेघा एअरवेज हे कागदावरचं नाव, जुलै २०१५ मध्ये सुरुवात, आणि अभिनेता रामचरण तिचा चेहरा. नांदेडमध्ये तिची ओळख 'रामचरणचं विमान' एवढीच होती. 'उडान'मध्ये सरकार तोट्याची भरपाई देणार ती तीन वर्षं. ती संपत आली आणि २५ मार्च २०२० ला देशातली सगळी प्रवासी विमानंच थांबली. मेअखेर आकाश उघडलं, पण छोट्या कंपनीचं कंबरडं मोडलं ते मोडलंच. भाड्याने घेतलेल्या विमानांचे हप्ते उड्डाण नसलं तरी चुकत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची सेवा बंद पडली. माझं मत विचाराल तर, गाव नकाशावर आणायला योजना पुरते, गावाचं विमान टिकवायला मोडलेल्या विमानाच्या जागी उभं करायला दुसरं विमान लागतं.

मधली दोन वर्षं आम्ही पुन्हा रेल्वेच्या वेळापत्रकावर आलो. खालचा बर्थ, सोबत उशी, आणि नांदेडच्या फलाटावर कुणीतरी हात द्यायला.

२०२४ मध्ये नांदेडहून स्टार एअरची विमानं सुरू झाली, जेटची, जरा मोठी. आईला सांगितलं तर तिने ना भाडं विचारलं ना वेळ.

"पायऱ्या किती आहेत त्याला?"