ब्रॉयलर पालन: कंपनीशी करार की स्वतःची बॅच?

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या. त्यांचं शेड बांधायचं नक्की झालं की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: पक्षी कोणाचे? करार पद्धतीत कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं आणि देखरेखीला सुपरवायझर देते. शेड, वीज, पाणी, जमिनीवर अंथरायचं तूस आणि मजुरी आपली. पक्षी तयार झाले की कंपनीच उचलते आणि जिवंत वजनाच्या किलोमागे संगोपन शुल्क देते. स्वतःच्या बॅचमध्ये, म्हणजे एका वेळी वाढवलेल्या पक्ष्यांच्या तुकडीत, पिल्लाच्या खरेदीपासून विक्रीपर्यंत सगळं आपलं, नफाही आणि तोटाही.

बहुतेक जण ‘पक्ष्यामागे किती सुटतात’ या एकाच आकड्यावर तुलना करतात. त्याआधी मी दुसरंच विचारेन. पक्षी तयार आहेत आणि बाजारात उठाव नाही, ते दिवस कोण सोसणार?

ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो. विक्री लांबली म्हणून त्याचं खाणं थांबत नाही. या वयाचा पक्षी रोज १८० ते २०० ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे ५,००० पक्ष्यांच्या शेडला दिवसाला जवळजवळ एक टन. वजन वाढतं हे खरं, पण वय वाढेल तसं प्रत्येक वाढीव किलोला जास्त खाद्य लागतं. पूर्ण बॅचचा एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागलेलं किलोतलं खाद्य, १.६ आला तरी शेवटच्या दिवसांतला किलो दोन किलो खाद्य मागतो, कधी त्याहूनही जास्त. शिवाय दाटी वाढते, उकाड्यात मोठे पक्षी आधी दगावतात आणि ठरावीक वजनाचा माल घेणारा विक्रेता जड पक्ष्याला कमी दर देतो. व्यापाऱ्याला हे सगळं पाठ असतं. म्हणून तयार पक्षी शेडमध्ये घेऊन भाव करायला बसणारा पालक नेहमी पडत्या बाजूला असतो.

करारात हा भार कंपनीकडे जातो. भाव पडला तरी संगोपन शुल्क करारात ठरल्याप्रमाणे मिळतं. याची किंमत म्हणजे भाव चढल्यावर होणारा मोठा नफाही कंपनीचाच. काही करारांत चढ्या दराचा थोडा वाटा पालकाला मिळतो, पण त्या आशेवर निर्णय घेऊ नये.

आता खर्च. किलोभर जिवंत वजनाचा उत्पादन खर्च १०० धरला, तर त्यात खाद्यच साधारण ६५ ते ७० असतं, त्याखालोखाल पिल्लू. खाद्य १० टक्क्यांनी महागलं की पूर्ण खर्च साडेसहा-सात टक्क्यांनी वाढतो, आणि खाद्याचा भाव मका-सोयाबीनच्या बाजारावर हलतो. त्यावर पालकाचा काडीचाही ताबा नाही. ताबा आहे तो एफसीआरवर. तो १.६ वरून १.७ झाला तर त्याच शंभरात चारेक भर पडते. ब्रूडिंगचं (लहान पिल्लांना ऊब देण्याचं) तापमान, हवा खेळती ठेवणं, तूस कोरडं राखणं, पाण्याची स्वच्छता हे सगळं शेवटी या आकड्यात उतरतं. स्वतःच्या बॅचमध्ये मात्र चांगला एफसीआर आणूनही विक्रीच्या आठवड्यात दर कोसळला तर त्या मेहनतीवर पाणी पडतं. करारात मेहनतीचा हिशेब बऱ्यापैकी सरळ असतो.

भांडवलाचंही तेच. शेडचा खर्च दोन्हीकडे आपलाच, पण स्वतःच्या बॅचला पिल्लं आणि सहा आठवड्यांचं खाद्य यांचा पैसा आधी ओतावा लागतो. करार पद्धत रुजली तीच या अडचणीतून. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जेसी ज्युवेल या खाद्यविक्रेत्याने शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायला सुरुवात केली, वाढलेले पक्षी स्वतः परत विकत घेतले आणि पुढे हॅचरी (अंडी उबवण्याचं केंद्र) व प्रक्रिया कारखानाही उभा केला.

स्वतंत्र पालकाचा आणखी एक सापळा आहे. दर चढले की सगळेच पिल्लं टाकायला धावतात, त्यामुळे पिल्लूही महाग होतं. सहा आठवड्यांनी तो सगळा माल एकदम बाजारात येतो. मी स्वतंत्र असतो तर दर बघून पिल्लं टाकली नसती. वर्षाचं वेळापत्रक ठरवून चढ्या-पडत्या दोन्ही दरांत बॅच घेतल्या असत्या, म्हणजे सरासरी दर पदरात पडतो. त्यासाठी सलग दोन बॅचचा तोटा पचवेल एवढी गंगाजळी हवी. ती नसेल तर स्वतंत्र धंद्यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतंत्र मार्ग खरा फळतो तो ज्याच्याकडे ग्राहक आहे त्याला. आठवड्याला ठरावीक पक्षी घेणारे विक्रेते, खानावळी किंवा स्वतःचं विक्री केंद्र असेल, तर एकदम ५,००० पिल्लं न टाकता टप्प्याटप्प्याने टाकता येतात. मात्र वेगवेगळ्या वयाचे पक्षी एका शेडमध्ये ठेवू नयेत, रोग जुन्यांकडून नव्यांकडे जातो. स्वतः सोलून-कापून विकायचं तर जिवंत वजनाच्या ७० ते ७५ टक्केच माल हाती येतो. त्यात शीतसाखळी, परवाने आणि सांडपाण्याचा खर्च धरल्याशिवाय जास्त दराचा आनंद मानू नये.

नव्या माणसाने, ग्राहक हाताशी नसेल तर, करारानेच सुरुवात करावी. पण तो वाचून. ४२ दिवसांची बॅच आणि दोन आठवड्यांची साफसफाई धरली तर वर्षात सहा बॅच बसतात. कंपनीने पिल्लं उशिरा दिली आणि चारच झाल्या, तरी शेडचा हप्ता थांबत नाही. म्हणून वर्षाला किमान किती बॅच, हे कागदावर आणा. तयार पक्ष्यांची उचल किती दिवसांत, पैसे किती दिवसांत, उचलीच्या वेळी वजनकाटा कोणाचा, आलेलं खाद्य मोजून घेता येईल का, तेही लिहून घ्या. पहिल्याच आठवड्यात निकृष्ट पिल्लांमुळे झालेली मरतूक पालकाच्या नावावर पडणार का, हे नक्की विचारा. शुल्क स्वतःच्या कामगिरीवर ठरतं की इतर पालकांच्या सरासरीशी तुलना करून, हेही. दुसऱ्या प्रकारात आपण सुधारलो तरी शेजारचे जास्त सुधारले तर पैसे कमी मिळतात. आणि सही करण्याआधी त्याच कंपनीकडे काम करणाऱ्या चार-पाच पालकांच्या मागच्या वर्षाच्या बिलांच्या पावत्या प्रत्यक्ष पाहा.