दहा मीटर एअर रायफल: कंपनी ठरवण्याआधी हवा कुठं भरणार ते ठरवा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागात मुलीला किंवा मुलाला नेमबाजीत पुढं न्यायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा: फाइनवर्कबाऊ घ्यायची की वॉल्थर? कोल्हापूर शेजारी असल्यानं हा नाद इकडं नवा नाही. 2010 साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेत्या ठरल्या, 2024 मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. ते दोन्ही प्रकार 50 मीटरचे, पण बहुतेकांची सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलवरच होते. लाखांच्या घरातली खरेदी असते आणि ती बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातातली रायफल बघून होते. नेमका तिथंच पैसा चुकीच्या जागी जातो.

बॅरलचा मुद्दा आधी मिटवू. कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, नऊचं वर्तुळ 5.5 मिलिमीटरचं आणि पूर्ण काळा भाग 30.5 मिलिमीटरचा. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. वर्तुळाला कडेनं स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो, तरी 60 शॉट्समध्ये दशांश गुणांचा हिशेब लागला की एकेक मिलिमीटर मोजावा लागतो. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ आणि स्टायर या चारही कंपन्यांच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफली शिकंज्यात धरून, जुळणाऱ्या छऱ्यांनी मारल्या तर पाच छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. नव्या रायफलीसोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, त्यावर हे दिसतं. तेव्हा ‘अमुक कंपनीचं बॅरल जास्त अचूक’ या वादात वेळ घालवू नका. फरक आहे तो स्टॉकच्या (दस्त्याच्या) मापात, ट्रिगरमध्ये, हवेच्या दाबात आणि सुटे भाग किती दिवसांत हातात पडतात यात.

फाइनवर्कबाऊची 700 आणि त्यानंतरची 800 मालिका आपल्याकडच्या रेंजवर सर्रास दिसते, आणि आमच्या मते सीमाभागातल्या पहिल्या मॅच रायफलीसाठी तीच सर्वांत शहाणी निवड आहे. रायफलीवरचा हवेचा सिलिंडर 200 बारचा (बार हे दाबाचं माप), बनावट दणकट. जुन्या 700 चे भागही जाणत्या माणसाला माहीत असतात, त्यामुळं कोल्हापूर-पुण्याकडं दुरुस्ती अडत नाही. लाकडी स्टॉकची रायफल हातात ऊबदार लागते. पण मूल वाढतं असेल तर ॲल्युमिनियम स्टॉकच घ्या, कारण बट (खांद्याकडचा भाग) मागं-पुढं, गालाची पट्टी वर-खाली आणि ग्रिप फिरवून अशी तिन्ही मापं दर सहा महिन्यांनी बदलावी लागतात. लाकडात तेवढी सोय नसते.

वॉल्थरची एलजी 400 समायोजनाच्या बाबतीत सरस. उंच, लांब हातांच्या मुलांना तिच्यावर बसवणं सोपं जातं, धक्का शोषणारी यंत्रणा चांगली आणि हवेचा खर्च कमी. मात्र तिचा सिलिंडर 300 बारचा आहे आणि इकडं खरी अडचण तीच. आन्शुट्झ 9015 चा ट्रिगर चौघांत स्वच्छ वाटतो. पहिला टप्पा संपल्याची जाणीव बोटाला अगदी नेमकी होते. तिची जुनी बहीण 8002 क्लबांत वर्षानुवर्षं टिकलेली आहे. स्टायर ही ऑस्ट्रियाची, सुबक आणि संतुलित. पण या पट्ट्यात ती फार थोड्यांकडं असल्यानं सुट्या भागांसाठी बाहेरच बघावं लागतं. फक्त रूप आवडलं म्हणून ती घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या आवृत्त्याही येतात, झटका न देता सुटतात, पण शिकणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे घालण्याची गरज नाही. हॅमर्लीची एआर 20 ही वॉल्थरच्याच घरातली, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारी. शाळेला किंवा क्लबला चार मुलांत एक रायफल फिरवायची असेल तर तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

आता हवेबद्दल सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

रायफलीतला रेग्युलेटर सिलिंडरमधला दाब खाली आणून प्रत्येक शॉटला सारखी हवा देतो. साधारण 80 बारच्या खाली गेज गेलं की त्याला पुरेसा दाब मिळत नाही आणि छर्रे खाली उतरू लागतात. म्हणजे 300 बारचा सिलिंडर हवा भरायच्या 200 बारच्या टाकीवरून भरला तर कामाचा दाब 220 ऐवजी 120 बारच उरतो, शॉट्स जवळपास निम्म्यावर येतात. वॉल्थर चालते, मॅचही होते, पण ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो हातात येत नाही. गोव्याकडून स्कुबाची (पाणबुड्यांची) टाकी भरून आणायची असेल तर ती साधारण 200 ते 232 बारची असते. त्यामुळं 200 बारची रायफल तिला बरोबर जुळते. 300 बारची टाकी आणि कॉम्प्रेसर ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांनीच 300 चा विचार करावा. टाकीच्या व्हॉल्व्हकडं नीट बघा: 232 बारच्या डीआयएन (आट्यांच्या) जोडणीला पाच आटे असतात, 300 च्या जोडणीला सात. टाकी आणि सिलिंडर जोडणारा अडॅप्टर ज्या कंपनीची रायफल तिचाच, दुसरा जबरदस्तीनं आवळू नका.

बारा लिटरची टाकी 200 बारनं भरलेली असेल तर रायफलीचा पाव लिटरहून लहान सिलिंडर 100 वरून 200 पर्यंत नेताना टाकीचा दाब दीड-दोन बारच उतरतो. म्हणजे एका टाकीवर बऱ्याच दिवसांचा सराव निघतो, फक्त प्रत्येक वेळी शेवटचा आकडा थोडा खाली येत जातो. भरताना आधी अडॅप्टरच्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बोट फिरवा. धूळ किंवा चीर असेल तर तिथूनच गळती सुरू होते. व्हॉल्व्ह हळू उघडा, एक-दोन मिनिटं घ्या. घाईनं भरलेली हवा तापते, गेज 200 दाखवतं आणि दहा मिनिटांनी गार झाल्यावर 185 वर येतं. बरेच जण त्यालाच गळती समजून दुकानदाराला फोन करतात. मग व्हॉल्व्ह बंद, ब्लीड स्क्रूनं अडकलेली हवा सोडायची, आणि नंतरच अडॅप्टर काढायचा. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घेण्याचा विचारही करू नका. ऑक्सिजन दाबाखाली ग्रीसला लागला की स्फोट होतो, आणि रायफलीत ग्रीस असतंच.

पावसाळा इथला वेगळा. कणकुंबी-जांबोटीकडं जो पाऊस पडतो त्याची ओल बेळगावातल्या घरातही शिरते. हातपंपानं हवा भरायची असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटं होतं, ते सिलिंडरमध्ये बसतं आणि आतून पोखरायला लागतं. कॉम्प्रेसरचं फिल्टर काडतूस वेळेवर बदललं नाही तर तिथंही हेच. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो आणि आठवड्यात लिव्हरवर तांबूस डाग दिसतो. सरावानंतर घामाचा हात लागलेले भाग कोरड्या फडक्यानं पुसून वर तेलाचा अगदी पुसट हात फिरवा, सिलिका जेलची पुडी कपाटात ठेवा. बॅरलमध्ये तेल मात्र घालू नका. तिथं फेल्टच्या सफाई-गोळ्या पुरतात, आणि त्या मारल्यावर पहिले काही शॉट्स इकडं-तिकडं जातात ते मोजणीत धरू नयेत.

रेग्युलेटर बिघडलाय की नाही हे ओळखण्याची खूण सोपी. रायफल भरून वीस-पंचवीस मिनिटं तशीच ठेवा, मग क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग दहा शॉट्स मारा. मॅच रायफलीचा वेग साधारण 170 ते 175 मीटर प्रति सेकंद असतो. पहिला शॉट इतरांपेक्षा ठळकपणे वेगवान आला तर रेग्युलेटरची सीट हवा गळू देते आहे, त्यामुळं मागं दाब वाढत राहतो. ओ-रिंग आणि सीट बदलून ते दुरुस्त होतं, पण ते काम घरात करू नका. नऊ शॉट्स सारखे आणि एखादाच भलताच निघाला, तर आधी छर्रा तपासा, रेग्युलेटर नंतर.

छऱ्यांचा विषय खर्चाच्या मानानं सर्वांत फायद्याचा आहे. आरडब्ल्यूएस आर 10, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, चीनचे क्यूवायएस हे सगळे चांगले, पण बॅरलला कोणता रुचेल हे आधी सांगता येत नाही. डोक्याचा व्यास 4.48 ते 4.51 पर्यंत वेगवेगळा मिळतो. क्लबात चार जणांनी वेगवेगळे डबे आणून प्रत्येकी दहा-दहा छर्रे शिकंज्यातून मारून बघितले, तर सर्वांचंच काम होतं. जो जुळेल त्याच लॉट नंबरचे डबे एकदम घेऊन ठेवा. एका डब्यात 500 छर्रे असतात. रोज साठ-सत्तर शॉट्सचा सराव असला तर डबा आठवडाभर पुरतो, तेव्हा हंगामाचा हिशेब करूनच मागवा. डबा पडला तर त्यातले छर्रे सरावालाच वापरा, कडा दबलेला छर्रा मॅचला नको.

अपग्रेडच्या क्रमाबद्दल आमचं मत ठाम आहे. छऱ्यांनंतर पैसा जॅकेट-पँटला, त्यानंतर पुढच्या साइटला आणि मागच्या आयरिसला (डोळ्याजवळच्या, लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राला). पुढच्या साइटसोबत येणाऱ्या रिंगांत नवशिके लहान रिंग निवडतात, कारण ती ‘अचूक’ वाटते. होतं उलटंच: काळ्या ठिपक्याभोवती पांढरी जागा कमी पडली की डोळा लवकर थकतो आणि मॅचच्या दुसऱ्या निम्म्यात शॉट्स पसरतात. 4 मिलिमीटरहून मोठी रिंग घ्या, पांढरं ठळक दिसू द्या. बदलती रिंग आणि बदलता आयरिस मिळाला तर कमी उजेडाच्या रेंजवर फार उपयोग होतो, सेंट्रा आणि गेमान ही त्यातली जाणती नावं. त्यानंतर बट प्लेट. एमईसीची प्लेट खांद्यात बसते ती उत्तम, पण मूळ प्लेट आधी नीट लावून बघा, बऱ्याच वेळा तिची उंचीच चुकलेली असते. वजनं, रंगीत नळ्या, भपकेदार हँडस्टॉप हे शेवटी. रायफलीची कमाल मर्यादा 5.5 किलो आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या पाठीला साडेचार किलोही भारीच असतात.

ट्रिगरला एअर रायफलमध्ये किमान वजनाची अट नाही, म्हणून पोरं तो हवा तितका हलका करून ठेवतात. ट्रिगर लावल्यावर छर्रा न घालता, रायफल कॉक करून (मारायला सज्ज करून) बट जमिनीवर हळूच आपटा. सुटली तर ट्रिगर असुरक्षित आहे, तो पुन्हा लावा. स्टॉकचे स्क्रू काढून लावले असतील तर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवरच (तेवढ्याच जोरानं) आवळा, नाहीतर झिरो (साइटची जुळणी) सरकतो आणि दोष साइटवर जातो.

बजेट लहान असेल किंवा गावाजवळ हवा भरायची सोयच नसेल, तर ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) प्रकारासाठी भारतीय प्रिसिहोलची स्प्रिंग रायफल बरी. खोल छिद्रं पाडणारी मशीनं बनवणाऱ्या घराण्याची असल्यानं त्यांची बॅरल नीट असतात. स्प्रिंगचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, त्यामुळं पकड दर वेळी सारखी लागते, शिकायला ती शिस्त चांगलीच. पीप साइटवर (मागच्या बारीक छिद्रातून नेम धरण्यावर) जायचं असेल तर जुनी फाइनवर्कबाऊ 603 किंवा आन्शुट्झ 2002 सारखी एकदा लिव्हर ओढून हवा भरणारी रायफल शोधा. टाकी नको, अडॅप्टर नको, फक्त सील जुने झालेले असतात ते बदलून घ्यावे लागतात. खानापूर, हुक्केरीच्या आतल्या गावांसाठी हा मार्ग उत्तम.

कायद्याचं थोडक्यात: 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे परवान्याविना ठेवता येते, आणि मॅच रायफल साडेसात-आठ ज्यूलच्याच आसपास असते. तरी कोल्हापूरहून परतताना कोगनोळी नाक्यावर किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला राज्य स्पर्धेला जाताना बिल, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र पेटीतच ठेवा, रायफल उघडी नेऊ नका. सांबऱ्याहून विमानानं जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून वेगळा काढा आणि विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा.

जुनी रायफल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. ॲल्युमिनियमच्या बहुतेक सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत गेलात तर जबाबदारी नेमबाजाचीच. नवा सिलिंडर स्वस्त मिळत नाही, तेव्हा ती रक्कम किमतीतून कापूनच भाव बोला. मग रायफल भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी गेज पाच बारपेक्षा जास्त उतरलं असेल तर सील गेलेत. बॅरलच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड टाकून कडेला ओरखडा आहे का बघा, बट प्लेटचे सगळे स्क्रू फिरतात का तपासा, आणि शेवटी दहा छर्रे शिकंज्यातून मारून कागद सोबत घेऊन या.