लातूरच्या गंजगोलाईजवळचे कर सल्लागार : अनुभव चांगला आला

बाबांकडं आयटीसीचे 100 शेअर, 200 रुपयांनी घेतलेले, डिव्हिडंडसाठीच (कंपनी नफ्यातून देते तो वाटा) ठेवलेत. 1 जानेवारी 2025 ला हॉटेलचा धंदा वेगळा झाला आन 10 ला 1 या हिशोबानं आयटीसी हॉटेल्सचे 10 शेअर खात्यात आले, पण आमच्या अ‍ॅपवर त्यांची खरेदी किंमत शून्य दिसायली, म्हणजे विकले तर सगळी रक्कम नफाच धरणार की काय!

सरांनी तासभर बसवून कागदावर मांडून दाखवलं. मूळ खर्चाचा 13.51 टक्के भाग हॉटेल्सचा, म्हणजे 20,000 मधले 2,702, शेअरमागं 270 रुपये 20 पैसे. उरलेला 86.49 टक्के आयटीसीचा. शेअर मिळाले तेव्हा टॅक्स नाही, विकल्यावरच, आन शेअर किती दिवस ठेवले ती मुदत जुन्या खरेदीपासूनच मोजायची. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं बघा.

डिव्हिडंडवर टॅक्स मात्र 2020 पासून आपल्याच स्लॅबनं लागतो, टीडीएस म्हणजे आधीच टॅक्स कापला म्हणून विषय संपत नाही, रिटर्नमध्ये डिव्हिडंड दाखवावाच लागतो हे पण बाबांना नीट समजावलं. फी वाजवी. मार्चमध्ये लई गर्दी असते, आधीच जा आन जुन्या खरेदीच्या पावत्या सोबत न्या.