डबा की फराळ? घरातून सुरुवात करण्याआधी

घरच्या स्वयंपाकघरातून चार पैसे कमवायचे म्हटलं की आपल्याकडे दोन वाटा समोर येतात. एक रोजच्या डब्यांची, दुसरी फराळ-भाजणी-मसाल्यांची. मी पुण्यात सहा वर्षं डबे दिले आणि गेली तीन वर्षं दुसऱ्या वाटेवर आहे. कोणी विचारायला आलं की "यात सुटतात किती?" हाच पहिला प्रश्न असतो, म्हणून तो आधी उरकून टाकते.

समजा एका वेळचे 20 डबे, डब्याला 90 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस. झाले 46,800 रुपये. त्यातून किराणा, भाजी, गॅस, पोळ्यांना येणाऱ्या मावशी आणि डबे पोचवणारा मुलगा यांचे पैसे गेले की माझ्या हातात साधारण तिसरा हिस्सा उरायचा. दिवाळीच्या फराळात समजा सगळं मिळून 150 किलोचा माल आणि सरासरी 550 रुपये किलोचा भाव धरला तर 82,500 रुपये होतात. आकडा मोठा दिसतो, पण तो वर्षातून एकदाच येतो. बाकीचे महिने थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्यावर काढायचे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पाहा.

पैसे किती येतात यापेक्षा आधी कोणाचे जातात हे जास्त महत्त्वाचं. डब्याला गिऱ्हाईक महिन्याचे पैसे आगाऊ देतं, निदान तुम्ही तसे घ्यावेत. मुंबईच्या गिरणगावातल्या, गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट इथे आठवते. कामगार जेवणार रोज आणि पैसे देणार पगार झाल्यावर. मधल्या दिवसांत या बायका वाणी आणि सावकार यांच्या कचाट्यात सापडायच्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आगाऊ पैसे मागायला लाजणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते. फराळात उलटं असतं. बेसन, तूप, तेल, सुकं खोबरं, वेलची हे सगळं आधी आपल्या खिशातून आणि ऑर्डर रद्द झाली तर लाडू आपल्याच घरात. आता मी निम्मी रक्कम घेतल्याशिवाय भाजणी दळायला टाकत नाही.

मी डबा सोडला तो मात्र वेळेपायी. डब्याला सुट्टी नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही साडेअकराला 20 डबे दारातून बाहेर पडले होते आणि मी बाराला दवाखान्यात पोचले. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एक गोष्ट खरी, दुपारी दोननंतरचा दिवस माझा असे. मुलीचा अभ्यास त्याच वेळात झाला. शिवाय गिऱ्हाईक विद्यार्थी असले तर मे महिन्यात आणि दिवाळीत डबे निम्म्यावर येतात, मावशींचा पगार मात्र निम्म्यावर येत नाही.

फराळाचं म्हणाल तर श्रावणापर्यंत तुम्ही माणसात असता. परदेशी जाणाऱ्या पार्सलांची घाई नवरात्रातच सुरू होते आणि मग घर तुमचं राहत नाही. सोऱ्या, झारा, कढई आणि सगळीकडे तळणीचा वास. अनारसा हसला, म्हणजे तळताना विरघळून पसरला, की त्या दिवशी आपल्याला रडू येतं. आणि दिवाळी हा ज्यांचा जीव की प्राण आहे त्यांनी नीट ऐका: ती दुसऱ्यांच्या घरी साजरी होणार. मागच्या वर्षी आमच्या घरी करंज्या बहिणीकडून आल्या.

आता तत्त्वांचं. बहुतेक जणी "आम्ही चांगलंच देणार" म्हणून सुरू करतात, मीही केलं. डब्यात याची परीक्षा रोज होते आणि ती कोणालाच दिसत नाही. पावसाळ्यात टोमॅटो भडकतो, डब्याचा दर तोच असतो. वरण थोडं पातळ केलं तर कोण बोलणार आहे? स्टीलचे डबे घासून परत भरायचे की प्लॅस्टिकमध्ये देऊन मोकळं व्हायचं? घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. हे धरून दर काढला की शेजारच्या गल्लीतला डबा स्वस्त दिसतो. फराळात परीक्षा एकदाच होते, भाव सांगताना. शेंगदाणा तेलातली चकली पामतेलातल्या चकलीशेजारी ठेवली की गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. पण एकदा चव कळलेलं घर परत येतं आणि पुढच्या वर्षी भाव विचारत नाही. माझ्यासारख्या भिडस्त बाईला रोजच्यापेक्षा वर्षातून एकदा घासाघीस सोसणं परवडतं.

कागदपत्रांत दोन्हीकडे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच, ती ऑनलाइन होते. मी केली तेव्हा छोट्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये होते. पाकीटबंद मालाला शिवाय लेबल लागतं: घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, नोंदणी क्रमांक, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह. कंटाळवाणं आहे, पण करायचंच.

गाळा घेऊन पोळी-भाजी केंद्र काढायचा विचारही अनेकींच्या मनात असतो. भाडं सुरू झालं की ते बंद ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी नको, एवढंच म्हणेन. आणि गिऱ्हाइकाशी बोलणंच नको असेल तर कोणाच्या तरी जोडीने करा. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे लिज्जत झालं. तिथल्या सभासद बहिणी पीठ घरी नेऊन पापड लाटतात, विकण्याची डोकेदुखी संस्थेची.

माझं मत विचाराल तर घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम लागत असेल आणि मदतीला एक भरवशाचं माणूस असेल तर डबाच घ्या. लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल, नाहीतर नोकरी अजून सुटलेली नसेल, तर भाजणी-मसाल्यांपासून सुरुवात करा. ठरत नसेल तर महिनाभर ओळखीच्या तिघांना डबा द्या, पैसे घेऊन, फुकट नाही. किती वाजता उठलात आणि कोणावर खेकसलात हे कॅलेंडरवर लिहीत जा.

माझे 22 स्टीलचे डबे अजून माळ्यावर आहेत. दर दसऱ्याला काढते, घासते आणि परत वर ठेवते. मोडीत द्यायचं अजून मनात आलेलं नाही.