आठ महिने संशोधन पोस्ट केलं. मानस अजून मोडलेलीच

परवा ॲपने परत विचारलं, ‘पोस्ट बूस्ट करायची का?’ तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. ॲपचं नाव घेत नाही, तुमच्याही फोनात असेल. माझा पेपर मांडवीकाठच्या खाजन शेतीवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर, त्यातही मानशींवर आहे. गेल्या जूनमध्ये छापून आला. ओपन ॲक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा याची, फी माझ्या दोन पगारांवर जात होती, म्हणून तो कुलपातच राहिला. विभागातल्या मॅडम म्हणाल्या, “निदान सोशल मीडियावर तरी टाक.” टाकला.

पहिली तक्रार, आणि आठ महिन्यांनंतरही सगळ्यात मोठी, म्हणजे ते भाषांतराचं बटण. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. मी लिहिलं होतं, “आमच्या गावची मानस मोडली, शेतात खारं पाणी शिरलं.” ॲपने त्याचं केलं ‘द माइंड ऑफ अवर व्हिलेज इज ब्रोकन’. खाली परदेशातल्या एका अनोळखी संशोधकाने हात जोडल्याचं चित्र टाकून धीर दिला. पुढच्या वेळी सावधपणे ‘मानशीचं दार’ लिहिलं, तर मनाचं दार झालं आणि कविता करणारी मंडळी फॉलो करू लागली. त्यातले चारजण अजून आहेत, रोज सकाळी सुविचार पाठवतात. मदतकेंद्राला तीनदा कळवलं, तिन्ही वेळा आभाराचं तेच पत्र. ‘स्लुइस गेट’ लिही, असं सगळे सांगतात. नाही लिहिणार. मानशीचा लिलाव, तिथली मासळी, दार कोणी उघडं ठेवलं यावरून होणारी भांडणं, यातलं काय त्या शब्दात येतं?

बूस्टला पाचशे रुपये घातले. तेवढ्यात घरी दोन दिवसांची मासळी आली असती. हजारो लोकांना पोस्ट ‘दिसली’, लिंक उघडली गेली नऊदा. त्यातल्या दोनदा मीच.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली, ती तुम्ही आधीच करा. पेपरची लिंक देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उचलू नका, डीओआयची, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकाची, लिंक द्या. जर्नलच्या पानावर ते अल्टमेट्रिकचं रंगीत कडं असतं ना, पेपरचा उल्लेख कुठे कुठे झाला ते दाखवणारं, ते अशा ओळखीच्या खुणेवरून उल्लेख मोजतं. पेपरच्या पानाचा नुसता स्क्रीनशॉट टाकला तर त्याला काही कळत नाही. मी पहिले दोन महिने स्क्रीनशॉटच टाकत होते. कडं रिकामं, आणि मी लोकांना दोष देत बसलेली. शब्द संपतील ही भीतीही खोटी होती: एक्सवर लिंक कितीही लांब असली तरी २८० पैकी २३च अक्षरं खाते.

ऑक्टोबरात हे लिहिलं असतं तर एक तारा देऊन मोकळी झाले असते. पण दिवाळीनंतर पेपरमधली एकच आकृती, मराठीत चार ओळी लिहून, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पैसे शून्य. ती फिरत फिरत चोडणला पोचली आणि दोन दिवसांनी एका काकांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा आरवतोय, आणि काका शांतपणे म्हणतात, “बाय, तुजी मानस उरफाटी आसा.”

आकृती उघडली. भरतीचं पाणी नदीकडून दाराला ढकलतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी जोर करून ते उघडतं आणि बाहेर जातं. माझ्या आकृतीत बाण उलटे होते. म्हणजे भरती आली की दार उघडणार आणि शेत खारं होणार! मजकुरात बरोबर लिहिलेलं, चित्रात चुकलेलं. दोन परीक्षकांना दिसलं नाही, मला तर नाहीच. जर्नलला दुरुस्ती पाठवली, जानेवारीत छापून आली.

या सगळ्याची नोंद कड्यात कुठेच नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं खाजगी, ते मोजलंच जात नाही. बढतीच्या फॉर्ममध्ये काय लिहू? ‘चोडणच्या काकांनी चूक काढली’ असा रकाना नाही.

अजून एक, ग्रुपवर लोक लगेच पीडीएफ मागतात. छापलेली पीडीएफ बिनधास्त पाठवू नका. बरीच जर्नल्स परीक्षणानंतर स्वीकारलेला, पण त्यांच्या मांडणीआधीचा मसुदा ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या संग्रहात ठेवू देतात. कोणतं जर्नल काय देतं ते ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या साइटवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) फुकट बघता येतं. मी मसुदा तसाच ठेवला आणि आता तीच लिंक देते.

तेव्हा तारे: व्हॉट्सॲपला चार. एक कापला, कारण जुनी उलटी आकृती अजून फिरतेय आणि मला ती परत बोलावता येत नाही. बूस्टवाल्या ॲपला दीड, त्यातला अर्धा कवींचा. खातं बंद केलेलं नाही, पैसे घालणं बंद केलंय.

काकांनी सुधारलेली आकृती मोठी छापून मागितली आहे, मानशीच्या लिलावाच्या बैठकीत भिंतीवर लावायला. उद्या झेरॉक्सवाल्याकडे जातेय. वर ठळक अक्षरांत ‘मानस’ एवढंच लिहिलंय.